पाहिलं कुणीच नाही, तरी दोष कुणाचा?

18 डिसेंबर 1960 चा दिवस. नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार शहरापासून साधारण 16 मैलांवर रस्त्याच्या पार उजव्या कडेला गेली आणि झाडावर आदळली. रस्ता पक्का, सुमारे 15 फूट रुंद, दोन्ही अंगांना शेतं. झाड रस्त्यापासून चार फूट आत उभं होतं. धडक अशी की झाड जमिनीतून उखडलं आणि मोटारीचं इंजिन जागा सोडून फूटभर मागे सरकलं. आतल्या प्रवाशाचा जीव गेला. मोटार एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीची होती आणि ती कंपनीचाच व्यवस्थापक चालवत होता.

मृताच्या पत्नीने भरपाईचा दावा लावला, तेव्हा अडचण एकच होती. गाडी चालवताना नेमकं काय चुकलं हे सांगणारं कुणी नव्हतं. वेग जास्त होता, डुलकी लागली, की समोर अचानक काही आलं? हातात होत्या त्या फक्त खुणा : उखडलेलं झाड, सरकलेलं इंजिन, चुकीच्या बाजूला गेलेली चाकं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. 1977 साली न्यायालयाने सांगितलं की एवढ्या खुणा पुरेत. नीट चालवलेली गाडी रिकाम्या रस्त्यावरून अशी झाडावर जात नाही. दुसरं काही कारण असेल तर ते गाडीवाल्यांनी दाखवावं. त्यांना ते दाखवता आलं नाही. जबाबदारी कंपनीवर आली आणि विमा कंपनीला पॉलिसीत लिहिलेल्या मर्यादेपुरतं धरलं गेलं.

कायद्याच्या वर्गात हा निकाल अर्ध्या तासात शिकवून होतो. त्याच्या पोटात असलेला प्रश्न मात्र दीड-दोन हजार वर्षं जुना आहे. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते ठाऊक आहे असं म्हणण्याचा अधिकार माणसाला कुठून मिळतो? आणि ते न पाहिलेलं म्हणजे दुसऱ्याचा दोष असेल, तर तो अधिकार तितकाच राहतो का?

भारतीय दर्शनांनी या प्रश्नाच्या पहिल्या भागावर जेवढी डोकेफोड केली आहे, तेवढी फार थोड्या विषयांवर केली असेल. न्यायसूत्रांवरचं वात्स्यायनाचं भाष्य अनुमानाचे प्रकार सांगताना नदीचा दाखला देतं. नदी दुथडी भरली आहे, ओढ वाढली आहे, पाण्यावर फेस आहे, काटक्या आणि पालापाचोळा वाहत येतो आहे. म्हणजे वरच्या अंगाला पाऊस झाला. पाऊस कुणी पाहिला नाही. परिणामावरून कारणाकडे जाण्याची ही वाट. नागपूरजवळच्या त्या झाडाशी उभं राहून न्यायालय याच वाटेने चाललं.

न्यायसूत्रांचा मोठेपणा असा की आक्षेप घेणाऱ्यालाही तिथे पूर्ण वाव दिला आहे. आक्षेपक म्हणतो, खाली कुणी बंधारा घातला असेल तरी नदी चढते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार असं म्हणता. पण कुणी वारूळ मोडलं तरीही मुंग्या निघतातच. मोर ओरडला म्हणता. माणूसही हुबेहूब मोरासारखा ओरडू शकतो. मग अनुमानावर विसंबायचं कसं? सूत्रकाराचं उत्तर असं : ही चूक अनुमानाची नाही, अनुमान करणाऱ्याची आहे. बंधाऱ्याने तुंबलेलं पाणी आणि पुराचं पाणी एकसारखं दिसत नाही. तुंबलेल्या पाण्याला ओढ नसते, फेस नसतो, काटक्या वाहत येत नाहीत. ज्याने नुसतं ‘पाणी चढलं’ एवढंच पाहिलं, त्याने खूण पुरती पाहिलीच नाही.

अपघाताच्या दाव्यात पंचनाम्याला एवढं महत्त्व असतं ते याचसाठी. गाडी झाडाला लागली होती, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ब्रेकच्या खुणा किती लांब, त्या कुठून सुरू झाल्या, काचांचे तुकडे कुठे पडले, रस्त्याची रुंदी किती, झाड किती आत, पुढचा भाग किती दबला, हे सगळं नोंदलं असेल तेव्हाच त्या खुणा बोलतात. घाईत उरकलेला, ‘वाहनाचे नुकसान झाले’ एवढ्यावर भागवलेला पंचनामा हा एका कुटुंबावरचा अन्याय असतो. कारण जी खूण त्या दिवशी टिपली गेली नाही, ती पुढे कुठल्याच न्यायालयात उभी करता येत नाही.

या विचाराला आधुनिक कायद्यात जागा मिळाली ती लिव्हरपूलमधल्या एका पिंपामुळे. पिठाच्या व्यापाऱ्याच्या दुकानावरून जाणाऱ्या माणसावर वरच्या खिडकीतून पिठाचं पिंप कोसळलं. तो जखमी झाला, पण वर काय घडलं हे त्याला सांगता येईना. दोरी तुटली, हात सुटला, की कुणी ढकललं? 1863 साली न्यायाधीश पोलॉक यांनी ठरवलं की पिंप आपण होऊन खिडकीतून बाहेर पडत नाही. ज्याच्या ताब्यात ते होतं त्याने काय घडलं ते सांगावं. घटना स्वतःच बोलते, या अर्थाचं लॅटिन वचन तेव्हापासून वकिलांच्या तोंडी बसलं. दिल्लीत चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं मेली, तेव्हा नगरपालिकेविरुद्ध हेच तत्त्व उभं राहिलं. इमारत 80 वर्षांची झाली होती आणि तशा चुन्या-विटांच्या बांधकामाचं आयुष्य धरलं जातं 40-45 वर्षं. रस्त्यालगतची वास्तू ज्याच्या ताब्यात आहे, त्याने ती सांभाळायलाच हवी होती, असं 1966 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं.

या खटल्यांत तर्काबरोबर आणखी एक गोष्ट काम करते, आणि ती जुन्या नैयायिकांच्या चौकटीत फारशी नाही. नैयायिक विचारतो, ही खूण त्या कारणाला कायमची बांधलेली आहे का? न्यायालय तेवढ्यावर थांबत नाही. काय घडलं हे कुणाला ठाऊक असायला हवं होतं, असंही ते विचारतं. 1872 च्या पुरावा कायद्याच्या 106 व्या कलमात हेच होतं आणि 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 109 वं कलम म्हणून आलं आहे : जी गोष्ट विशेषकरून एखाद्याच्याच माहितीतली आहे, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. पिंप पडलं तेव्हा खिडकीच्या आत कोण होतं, हे रस्त्यावरच्या माणसाने कसं सांगायचं? ज्ञानाचा प्रश्न इथे नीतीचा होतो. ज्याच्या हातात चावी आहे त्याला गप्प बसण्याची मुभा द्यायची की नाही, हे नुसत्या तर्काने ठरत नाही. तसं करणं योग्य आहे का, हे ठरवावं लागतं.

चार्वाकांना यातलं काहीच मान्य झालं नसतं. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात त्यांची बाजू आली आहे ती अशी : धूर तिथे अग्नी हा नियम तुम्ही सगळ्या काळांत आणि सगळ्या ठिकाणी तपासून पाहिला आहे का? नसेल, तर त्यावर उभारलेलं सगळं अधांतरी आहे. या आक्षेपात जोर आहे. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेत झालेल्या उदयनाचार्यांनी त्याला जे उत्तर दिलं, ते आजच्या कुठल्याही न्यायाधीशाने मनाशी बाळगावं असं आहे. शंका घ्यावी, पण ती स्वतःच्याच वागण्याशी भांडू लागेपर्यंत. जो माणूस धूर हवा म्हणून रोज विस्तव पेटवतो, त्याला ‘अग्नी आणि धूर यांचा संबंध आहे कशावरून?’ असं विचारण्याचा हक्क उरत नाही. ज्या शंकेवर आपण स्वतः जगण्यात एक दिवसही चालत नाही, ती दुसऱ्याचा हक्क नाकारण्यासाठी वापरणं म्हणजे अप्रामाणिकपणा. पुरावा कायद्यातली ‘सिद्ध’ची व्याख्याही इथेच येऊन टेकते. तिथे शंभर टक्के खात्री मागितलेली नाही; शहाणा माणूस ज्या संभाव्यतेवर विसंबून वागेल, तेवढी पुरे.

इथवर वाट सरळ आहे. विम्याच्या क्षेत्रात ती एका ठिकाणी अवघड होते, आणि ते ठिकाण नीट पाहण्यासारखं आहे.

1976 च्या ऑगस्टमध्ये ‘पोपी एम’ नावाचं जुनं मालवाहू जहाज साखर घेऊन भूमध्य समुद्रातून जात होतं. अल्जीरियाच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर, हवा चांगली आणि समुद्र शांत असताना, डाव्या अंगाला भोक पडून इंजिनच्या भागात पाणी शिरलं आणि जहाज बुडालं. बुडालं ते इतक्या खोल पाण्यात की पुढे कुणाला ते तपासता येणार नव्हतं. मालकांनी विम्याचे पैसे मागितले. विमा उतरवणारे म्हणाले, जहाज जुनं होतं, पत्रा झिजला होता, आणि झिजेला विमा लागू नाही. मालकांचं म्हणणं, पाण्याखालून जाणाऱ्या पाणबुडीची धडक बसली. पाणबुडी कुणी पाहिली नव्हती, कुठल्या नौदलाने कबूल केली नव्हती, बुडालेल्या पाणबुडीचा मागमूसही नव्हता.

खालच्या न्यायाधीशांनी एकेक कारण खोडत नेलं. पाणबुडीची गोष्ट फारच दुर्मीळ, हे त्यांना मान्य होतं. पण झिजेने असं भोक पडेल हेही त्यांना पटेना. इतर कारणं गळाल्यावर जे उरलं ते स्वीकारायचं, म्हणून त्यांनी पाणबुडीच्या बाजूने निकाल दिला. शेरलॉक होम्सची पद्धत ती हीच. 1985 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हा निकाल उलटवला. लॉर्ड ब्रँडन यांचं म्हणणं असं की न्यायाधीशापुढे दोनच दारं नसतात. ‘सिद्ध झालं नाही’ असं म्हणण्याचं तिसरं दारही उघडं असतं, आणि कधीकधी प्रामाणिक माणसाला त्यातूनच बाहेर पडावं लागतं.

वाचकाला या निकालात वात्स्यायनाचा दुसरा धडा दिसेल. शेषवत् अनुमानाचा एक अर्थ त्याने असाच दिला आहे : शक्यता मांडायच्या, एकेक बाद करायची, उरेल ती खरी. शब्द हे द्रव्य नाही, कर्मही नाही, म्हणून तो गुण, हे त्याचं उदाहरण. पण ही रीत पदार्थांच्या बाबतीत चालते, कारण तिथे यादी आधीच पक्की असते. समुद्राच्या तळाशी गेलेल्या जहाजाबाबत यादी पूर्ण आहे, हे कोण सांगणार? आपल्याला सुचलेली कारणं संपली म्हणजे जगातली कारणं संपली, असं होत नाही. अनुमानातली सर्वांत मोठी चूक इथेच होते. ती बुद्धिमान माणसाकडून होते, आणि नेमकी तो सर्वांत काळजीपूर्वक विचार करत असताना होते.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. अनुमानाने दोष ठरवता येतो हे मान्य केलं, तरी एकच अनुमान प्रत्येक कामाला पुरेल का?

1980 साली सर्वोच्च न्यायालयात आलेल्या एका दाव्यात, अंधार पडल्यावर धावणारी एक बस खाली लोंबलेल्या उच्च दाबाच्या विजेच्या तारेला लागली होती. 26 जणांना झळ पोचली, त्यातले 8 जागीच गेले. फौजदारी न्यायालयाने चालकाला निर्दोष सोडलं होतं. बसमालक म्हणाले, मग आमच्यावर भरपाई कशी? न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते मानलं नाही. इथे थोडी शंका, तिथे थोडा अंधुकपणा, एवढ्याच कारणाने निष्पाप माणसांना रिकाम्या हातांनी परत पाठवू नये. परिस्थितीवरून दोषाचं अनुमान काढणं वाजवी असेल तिथे ते काढावं, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. त्याच्या आदल्याच वर्षी न्यायमूर्ती सरकारिया यांनी सय्यद अकबर खटल्यात उलटी सीमा आखून ठेवली होती. तिथेही बस होती, आणि रस्त्यावर धावत आलेल्या चार वर्षांच्या मुलीचा मृत्यू होता. ‘घटना बोलते’ एवढ्यावर माणसाला तुरुंगात पाठवता येणार नाही, असं त्यांनी ठरवलं. गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकारवरून हलत नाही.

वरवर पाहता विसंगती वाटते. एकाच घटनेत चालक निर्दोष, आणि तरी त्याच्या हलगर्जीबद्दल मालकाने पैसे द्यायचे? पण या दोन निकालांनी मिळून जी रेषा आखली, ती योग्य आहे. अनुमान चुकलं तर त्याची किंमत कोण मोजणार, यावर ते किती भक्कम असायला हवं हे अवलंबून असतं. भरपाईच्या दाव्यात चूक झाली तर विम्याच्या मोठ्या गंगाजळीतून काही रक्कम जाते, आणि ती गंगाजळी हजारोंनी प्रीमियम भरून अशाच प्रसंगासाठी केलेली असते. फौजदारी खटल्यात चूक झाली तर एका माणसाची वर्षं जातात आणि कपाळावर शिक्का बसतो. नुकसान कुणी सोसायचं हे ठरवायला जेवढा पुरावा पुरतो, तेवढा माणूस वाईट होता हे ठरवायला पुरत नाही. पैशासाठी काढलेलं अनुमान हळूच उचलून चारित्र्यावर ठेवलं जातं, तेव्हा अन्याय होतो.

हा अन्याय विमा कंपन्यांच्या बाजूनेही होतो. कर्नाटकातलं ब्याडगी म्हणजे मराठी स्वयंपाकघरातली बेडगी मिरची. तिथल्या शेतकऱ्यांनी शीतगृहात माल ठेवून बँकेकडून त्यावर कर्ज घेतलं होतं. 2014 च्या जानेवारीत शीतगृहाला आग लागली आणि माल जळाला. विमा कंपनीने क्लेम नाकारला, आग अपघाती नव्हती असं म्हणून. शेतकऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मिळायला 2020 चा फेब्रुवारी उजाडला. आग नेमकी कशाने लागली याला महत्त्व नाही, विमा असलेल्यानेच ती लावली नसेल तर पैसे देणं भाग आहे, हा त्या निकालाचा गाभा होता. सहा वर्षं ज्या तर्काने ही माणसं अडवली गेली, तो असा : कारण सापडत नाही, म्हणजे काहीतरी लपवलं आहे. न सापडण्याला विमा कंपनीने पुरावा मानलं. पोपी एमच्या मालकांनी पाणबुडीसाठी जे केलं, तेच इथे कंपनीने केलं. फरक एवढाच की इथे ज्याच्यावर संशय फिरला, तो स्वतःचा माल राख झालेला माणूस होता.

आणि हा तर्क कोर्टकचेरीत जन्मलेला नाही. तो घरातला आहे. तरुण मुलगा अपघातात गेला की मातीला आलेली माणसं आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणतात, काहीतरी पूर्वसंचित असणार, कुणाचं तरी देणं असणार. परिणाम दिसतो आहे, म्हणून कारण असलंच पाहिजे. दुसरं कारण दिसत नाही, म्हणून पाप. रचना तीच, फक्त इथे विचारायला कुणी न्यायाधीश नाही आणि ‘सिद्ध झालं नाही’ असं म्हणणारं तिसरं दार कुणी उघडत नाही.

15 जानेवारी 1934 च्या बिहार भूकंपानंतर गांधीजी म्हणाले की अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. अस्पृश्यतेबद्दल दोघांत तसूभर अंतर नव्हतं. रवींद्रनाथांचा आक्षेप होता तो नैतिक नियम आणि भूगर्भातल्या हालचाली एकत्र बांधण्याला. गांधीजींनी तो आक्षेप ‘हरिजन’मध्ये छापला आणि उत्तरात कबूल केलं की हा संबंध आपल्याला सिद्ध करता येत नाही, तरी तो मनाला जाणवतो. गांधीजींच्या बाजूने एवढं म्हणावं लागेल की त्यांनी बोट रोखलं ते स्वतःच्या समाजाकडे, ढिगाऱ्याखालच्यांकडे नव्हे. पण असं बोट आपल्याकडे वळवून धरणारे थोडे असतात. एकदा आपत्ती हा पुरावा मानला की ते बोट ज्याचं त्यात सगळं गेलं, त्याच्याकडेच जातं.

या बाबतीत सर्वांत स्वच्छ विचार बुद्धांचा आहे. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने त्यांना विचारलं : माणूस जे काही सुख-दुःख भोगतो ते सगळं मागच्या कर्माचं फळ, असं काही जण म्हणतात, आपण काय म्हणता? बुद्धांनी आठ कारणं मोजून दाखवली. पित्त, कफ, वात, तिन्हींचा बिघाड, ऋतूतला बदल, स्वतःची बेपर्वाई, दुसऱ्याकडून झालेला आघात, आणि शेवटी कर्मफल. सगळंच कर्माने होतं असं म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्या आणि लोकांना ठाऊक असलेल्या गोष्टीच्याही पलीकडे जातात, असं त्यांचं म्हणणं. कर्म त्यांनी नाकारलं नाही. आठांपैकी एका जागी बसवलं. जो धर्म कर्मावर उभा आहे, त्याच्या संस्थापकाने हे करावं, यात या प्रश्नावरचं बरंच शहाणपण आहे. बेपर्वाई आणि दुसऱ्याचा आघात, या दोन कारणांना त्या यादीत स्वतंत्र जागा आहे, हेही विसरता येणार नाही. अपघाताच्या प्रत्येक दाव्यात मुळात याच दोन कारणांचा शोध चाललेला असतो.

भारतीय कायद्याने गेल्या काही दशकांत एक पाऊल पुढे टाकलं आहे. काही प्रसंगांत त्याने दोषाचा प्रश्नच बाजूला ठेवला. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 164 व्या कलमाखाली मृत्यू झाला तर 5 लाख आणि गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख रुपये मिळतात, आणि त्यासाठी चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात झाला एवढं पुरतं. नैयायिकाची खूण नको, पोलॉक यांचं पिंप नको. हे चांगलं आहे, कारण विमा मुळात अशाच वेळेसाठी असतो : कुणाला दोष न देताही कुणाच्या तरी पाठीशी उभं राहता यावं म्हणून.

पण त्याच कायद्याचं 161 वं कलम वाचलं की मन अस्वस्थ होतं. धडक देऊन गाडी पळून गेली आणि कधीच सापडली नाही, तर मृताच्या घरच्यांना मिळतात 2 लाख, गंभीर जखमीला 50 हजार. दोन्ही कलमांत दोषाचा पुरावा मागितलेला नाही. दोन्हींत मेलेला माणूस तितकाच मेलेला आहे. फरक फक्त गाडीचा नंबर कुणाला टिपता आला की नाही, एवढाच. अंधारात, सुन्या रस्त्यावर, पायी चालणाऱ्या मजुराच्या बाबतीत तो बहुतेकदा टिपला जात नाही. जे त्याला कळणं शक्यच नव्हतं, त्या न कळण्याची किंमत त्याच्याच घरच्यांकडून 3 लाखांनी वसूल होते, आणि ती तशी का व्हावी याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात कुठेही दिलेलं नाही.